नेव्हीतला लॉजिस्टिक्स ऑफिसर म्हणजे वाण्याचं दुकान का? जरा सविस्तर सांगतो

सांगलीच्या एका मुलीने विचारलंय. बी.टेक. झालंय, फर्स्ट क्लास आहे, नेव्हीच्या शॉर्ट सर्व्हिस लॉजिस्टिक्स एन्ट्रीला अर्ज करायचाय, पण घरात काका म्हणतायत की एवढं शिकून जहाजावर वाण्याचं दुकान चालवायला जाणार का. तिला तीन गोष्टी हव्यात: लढाई लागली तर हा ऑफिसर नेमकं काय करतो, करिअर कसं सरकतं, आणि तिला आंबा घाटात एसटी लागते तर बोट लागणार का.

मी याच केडरमध्ये २४ वर्षं काढली, कमांडर म्हणून बाहेर पडलो, मूळचा चिपळूणचा, आता पुण्यात असतो. मुलीच्या वयाची आहेस म्हणून तू म्हणतो, राग मानू नकोस. हात लिहायला लागला की थांबत नाही, तेव्हा चहा घेऊन बस.

पहिलं म्हणजे काका अर्धे बरोबर आहेत. आटा, डाळ, तेल, कांदा हे आपल्याच माथी असतं आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. आपलं विमानवाहू जहाज विक्रमादित्य घे, त्याच्यावर साधारण १६०० माणसं, महिन्याला जवळपास १ लाख अंडी, २०,००० लिटर दूध, १६ टन तांदूळ, आणि हे जहाज एका दमात ४५ दिवस समुद्रात राहू शकतं असं नेव्हीनेच सांगितलंय. आता हा माल उतरवून घ्यायला बाहेर रस्ता नाही, टेम्पो नाही, संपलं तर शेजारच्या गल्लीत दुकान नाही. वाण्याचं दुकान म्हणायचं तर म्हण, पण हे दुकान हलतं आणि याच्यावर मिसाइल येऊ शकतं.

खरं काम एका प्रश्नाचं असतं. कॅप्टन ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या जागी, उभा असतो आणि विचारतो, "लॉगो, किती दिवस?" लॉगो म्हणजे लॉजिस्टिक्स ऑफिसर, जुने लोक अजून सप्लायच म्हणतात. पहिल्यांदा मला हा प्रश्न आला तेव्हा मी छाती काढून सांगितलं, "अठरा दिवस, सर." त्यांनी दुर्बिणीतून डोळे न काढता विचारलं, "अठरा दिवस कशाचे?" आणि माझी बोलती बंद झाली. कारण आटा-डाळीचे अठरा होते, पण ताजी भाजी सहा-सात दिवसांवर आली होती, एका पंपाचं सील शेवटचं उरलं होतं आणि ते किती दिवस टिकेल हे इंजिनीअर ऑफिसरला विचारायची अक्कल मला नव्हती. इंजिनाच्या तेलाचा हिशोब इंजिनीअर ठेवतो, गोळ्यांचा गनरी ऑफिसर, खाण्याचा आणि स्पेअरचा आपण, पण कॅप्टनला हवा असतो एकच आकडा, आणि तो आकडा म्हणजे या सगळ्यांत जो सगळ्यात लहान असेल तो. जहाज अठरा दिवस लढू शकतं का चार, हे कधी कधी पाचशे रुपयांच्या रबराच्या रिंगवर ठरतं. २४ वर्षांत मी जे काही शिकलो ते या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायलाच शिकलो म्हण.

आता लढाईचं. कारगिल सगळ्यांना आठवतं ते डोंगरावरचं, पण १९९९ च्या त्या उन्हाळ्यात नेव्हीचं ऑपरेशन तलवार चालू होतं, पूर्वेच्या ताफ्यातली जहाजं पश्चिमेला आणून उत्तर अरबी समुद्रात लावली होती. माझं जहाज विशाखापट्टणमचं. वरून एक ओळीचा सिग्नल येतो की निघा, आणि आपल्याकडे काही तास असतात. जेट्टीवर ट्रकांची रांग, गँगवेवरून खाली स्टोअरपर्यंत माणसांची साखळी, हातोहात पोती चाललीयेत, घामाने सगळे निथळतायत, मी क्लिपबोर्ड घेऊन टिक करतोय आणि मनात खूश की चला सगळं चढलं, एक पण आयटम सुटला नाही. सुटलं काहीच नव्हतं, फक्त चढलं उलट्या क्रमाने. स्पेअरच्या पेट्या आधी आल्या म्हणून आधी आत गेल्या, त्याच्यापुढे आट्याची चाळीसेक पोती रचली गेली.

नवव्या दिवशी समुद्री पाण्याच्या पंपाला गळती. इंजिनरूममधून फोन, सील पाहिजे, आत्ता. पार्ट नंबर मला तोंडपाठ, कुठल्या पेटीत आहे तेही माहीत, आणि पेटी चाळीस पोत्यांच्या मागे. जूनचा अरबी समुद्र म्हणजे काय ते मुरुडला किनाऱ्यावर उभं राहून पण कळतं, आम्ही त्याच्या आत होतो, जहाज दोन्ही बाजूंना झोके घेतंय, आणि पन्नास किलोचं पोतं हातात असताना डेक पायाखालून सरकला की पोतं माणसाला घेऊन जातं. तीन तास लागले. एका पोराचं बोट चेमटलं. स्टोअरचा पेटी ऑफिसर (हा नौसैनिकांतला हुद्दा, पेट्यांशी संबंध नाही) माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा, तो मला एक शब्द बोलला नाही, फक्त सगळं झाल्यावर शांतपणे म्हणाला, "सर, आगे से जो चीज रात को दो बजे लग सकती है वो दरवाजे के पास." आयएनएस हमला या आमच्या ट्रेनिंगच्या ठाण्यावर वर्गात हेच मला इंग्रजीत शिकवलं होतं आणि मी त्यात चांगले मार्क पण घेतले होते.

माझ्यासारखी चूक मोठे लोक पण करतात म्हणून सांगतो. १९८२ ला फॉकलंडसाठी ब्रिटिश नेव्ही निघाली, अर्जेंटिनाने २ एप्रिलला बेटं घेतली आणि ५ एप्रिलला पहिली मोठी जहाजं पोर्ट्समथहून बाहेर. अंतर ८,००० मैलांच्या आसपास. त्यात एचएमएस हर्मिस होतं, तेच पुढे १९८७ ला आपलं विराट झालं. तर इतक्या घाईत माल भरला की कुठलं खोकं कुठल्या जहाजात कशाखाली आहे याचा पत्ता नाही, शेवटी अर्ध्या वाटेवर असेन्शन बेटापाशी थांबून हेलिकॉप्टरने या जहाजातून त्या जहाजात माल हलवत सगळं पुन्हा रचलं, का तर किनाऱ्यावर उतरल्यावर जे पहिल्या तासात लागणार ते वर पाहिजे. ते बेट वाटेत नसतं तर काय केलं असतं देव जाणे. आणि मग २५ मे ला अटलांटिक कन्व्हेयर हे व्यापारी जहाज, जे युद्धासाठी भाड्याने घेतलं होतं, त्याला एक्झोसेट मिसाइल लागली. जहाजावरची तीन चिनूक आणि सहा वेसेक्स हेलिकॉप्टरं गेली, तंबू गेले, एक चिनूक तेवढं त्या वेळी हवेत होतं म्हणून वाचलं. १२ माणसं गेली, त्यात जहाजाचा मास्टरही. परिणाम काय, तर सैनिकांना पाठीवर ओझी घेऊन चिखलातून बेट पायी ओलांडावं लागलं. एवढा महत्त्वाचा माल एका जहाजात ठेवला होता. वाटून का नाही ठेवला हे नंतर आरामखुर्चीत बसून विचारणं सोपं आहे, मी पण विचारतो, पण त्यावेळी हातात जहाजंच किती होती हेही बघायला पाहिजे.

आपल्याकडचं १९७१ घे. कराचीवरचा हल्ला, ४ डिसेंबरची रात्र, म्हणूनच तो नेव्ही डे. निपात, निर्घात, वीर ही तीन मिसाइल बोटींची नावं सगळ्यांना पाठ असतात, सोबतची मोठी जहाजं किल्तान आणि कच्छल पण काही जणांना माहीत असतात, पोषक कोणाला माहीत नसतं. आयएनएस पोषक हे त्यांच्या बरोबर गेलेलं तेलाचं जहाज. नाव बघ, पोषक! या मिसाइल बोटी रशियनांनी बनवल्या होत्या किनारा राखायला, लांबची मजल मारायला नाहीच, टाकी छोटी. आपल्या लोकांनी डोकं चालवून ठरवलं की मोठ्या जहाजांनी त्यांना ओढत जवळ न्यायचं आणि तेल सोबत ठेवायचं. म्हणजे हल्ल्याची मूळ कल्पनाच लॉजिस्टिक्सची होती. मिसाइल सोडायला काही मिनिटं लागली, बाकी सगळी रात्र तेलाच्या हिशोबाची. पाकिस्तानलाही ते बरोबर कळलं, त्यांच्या विमानांनी उलट वार केला तो गुजरातमधल्या ओख्यावर, बंदरातल्या तेलसाठ्यावर. बोटी आधीच तिथून हलवल्या होत्या, पण तेलाची टाकी गेली आणि पुढचा हल्ला, ऑपरेशन पायथन, ८ डिसेंबरच्या रात्रीच होऊ शकला.

आणि माझी सगळ्यात आवडती गोष्ट पूर्व किनाऱ्यावरची आहे, काकांना ही नक्की सांग. पाकिस्तानची पाणबुडी गाझी आपल्या विमानवाहू विक्रांतच्या मागावर होती. विक्रांतच्या बॉयलरला तडा गेलेला, वेग कमी, तिला लपवून अंदमानात ठेवली होती. व्हाइस अ‍ॅडमिरल कृष्णन पूर्वेचे प्रमुख, त्यांना शत्रूला पटवायचं होतं की विक्रांत विशाखापट्टणमच्या आसपास आहे. मग त्यांनी तेव्हाचं आयएनएस राजपूत, दुसऱ्या महायुद्धातलं जुनं जहाज, ते बाहेर काढून विक्रांत असल्यासारखे वायरलेस मेसेज पाठवायला लावले. आणि दुसरं काय केलं, तर बाजारात मोठ्या प्रमाणात मटण आणि ताज्या भाजीची ऑर्डर दिली! ठेकेदारांमार्फत बातमी फुटणार हे गृहीत धरूनच. एवढी भाजी म्हणजे एवढी माणसं, म्हणजे मोठं जहाज आलंय. गाझी विशाखापट्टणमच्या तोंडाशीच ३-४ डिसेंबरच्या रात्री बुडाली, कशाने यावर आजही वाद आहे, त्यात मी पडत नाही. पण भाजीच्या ऑर्डरवरून ताफ्याची जागा ओळखता येते हे दोन्ही बाजूंच्या लोकांना माहीत होतं, म्हणून ती चाल चालली. लॉगो झालीस की ही गोष्ट उलटी पण लक्षात ठेवायची. तू बंदरातल्या ठेकेदाराला फोनवर "शुक्रवारी सकाळी वीस दिवसांचा माल" म्हणालीस की तू जहाज कधी निघणार आणि किती दिवसांनी येणार हे दोन्ही सांगून टाकलंस. लढाईच्या दिवसांत हे फार जपावं लागतं, कधी गरजेपेक्षा जास्त मागवायचं, कधी तीन हप्त्यांत.

समुद्रात माल कसा मिळतो ते बघितल्याशिवाय पटत नाही. दोन जहाजं शेजारी शेजारी, मधे तीस-चाळीस मीटर, दोघंही बारा-तेरा नॉटने एकाच दिशेला, आणि मधलं पाणी दोन भिंतींत कोंडल्यासारखं उसळत असतं. आधी बंदुकीने बारीक दोरी पलीकडे मारतात, तिच्यामागे जाड दोर, मग तेलाचा पाइप नाहीतर मालाची थैली. आताची दीपक आणि शक्ती ही इटलीत बांधलेली टँकर, २०११ ची, २७,५०० टनांची, तासाला १,५०० टन तेल देऊ शकतात. आमच्या वेळी ज्योती होती, रशियन, ती पण दमदार. तास-दीड तास दोन्ही जहाजांना सरळ रेषेत राहावं लागतं, वळता येत नाही, म्हणजे पाणबुडीसाठी याहून सोपं गिऱ्हाईक नाही. म्हणून एक सेकंद फुकट घालवायचा नसतो आणि काय घ्यायचं याची यादी आधीच पलीकडे गेलेली असते. त्या १९९९ च्या पावसाळ्यात माझी यादी होती बटाटे, दोन पेट्या स्पेअर, औषधं, आणि टपालाची थैली. थैली मधोमध आली आणि दोन्ही जहाजं एकमेकांकडे झुकली, दोर सैल पडला, थैली पाण्यात बुडून वर आली. रात्री मेसमध्ये पंख्याखाली दोऱ्या बांधून पत्रं वाळत घातली होती. शाई फुटलेली, तरी पोरं एकमेकांची पत्रं ओळखत होती कागदावरून. बटाट्यांबद्दल कोणी विचारलं नाही.

तेलाचं पण सांगतो, कारण आयटी-मेकॅनिकलवाल्यांना वाटतं डिझेल म्हणजे डिझेल. नेव्हीचं डिझेल वेगळं, त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ पेट घेऊ शकते तो, किमान ६६ डिग्री असतो, पंपावरच्या डिझेलचा किमान ३५. बंद लोखंडी पोटात, शेजारी गरम मशिनरी आणि वरून गोळा येण्याची शक्यता असताना हा फरक म्हणजे जीव. म्हणून परदेशी बंदरात गेलो आणि घेतलं तेल असं होत नाही, आधी चौकशी, सॅम्पल, टेस्ट. आता अमेरिकेबरोबर २०१६ ला करार झाला, मग फ्रान्स, ऑस्ट्रेलिया, जपान, ओमानचं डुक्म बंदर, म्हणजे दूर गेलेल्या जहाजाला तेल-पाणी-दुरुस्तीला आधार मिळतो. टीव्हीवर या करारांवर राजकारणाची चर्चा झाली, आम्ही लोक आपले मनात म्हणत होतो की बाबांनो, आता निदान बिल कसं भरायचं ते तरी ठरलं.

स्पेअर हा विषय मात्र खरा युद्धाचा, आणि तो युद्धाच्या दोन वर्षं आधी लढावा लागतो. मी नवीन होतो तेव्हाच सोव्हिएत युनियन फुटलं. आपल्या राजपूत क्लासच्या विनाशिका बांधल्या होत्या मिकोलाइवला, त्या वेळी ते सोव्हिएत शहर होतं, १९९१ च्या डिसेंबरनंतर ते युक्रेनमध्ये. जहाज तेच, मशीन तेच, पण आधी एका देशाला पत्र लिहिलं की पार्ट यायचा, आता कुठला कारखाना कोणाचा, पैसे रुपयात का डॉलरमध्ये, कोणाच्या सहीने, काहीच ठरेना. डेपोत आम्ही जुन्या व्हाउचरांवरून काढत बसायचो की गेल्या दहा वर्षांत हा पार्ट किती वेळा लागला, आणि उरलेले आठ किती वर्षं पुरवायचे. गॅस टर्बाइन त्याच मिकोलाइवच्या झोरया कारखान्यातली, दिल्ली क्लासला तीच, तलवार क्लासला तीच. २०१४ ला रशियाने क्रिमिया घेतल्यावर युक्रेनने रशियाला टर्बाइन द्यायची बंद केली, तर रशियात आपल्यासाठी बनणाऱ्या फ्रिगेटसाठी आपल्याला मधे पडून टर्बाइन स्वतः विकत घेऊन तिकडे पाठवावी लागली. त्यातलंच तुशील डिसेंबर २०२४ ला नेव्हीत दाखल झालं, त्याच्या पोटात ती कहाणी आहे. म्हणजे एकमेकांशी लढणाऱ्या दोन देशांच्या वस्तू एका जहाजात, आणि जहाज आपलं. असल्या ठिकाणी आपला "किती दिवस" चा हिशोब दिवसांत नसून वर्षांत असतो.

मुंबईत हा साठा बघायचा तर घाटकोपरला मटेरियल ऑर्गनायझेशन आहे, लाखो लोक एलबीएस रोडवरून रोज जातात आणि भिंतीपलीकडे काय आहे हे कोणाला माहीत नसतं. दारूगोळा तिथे नाही, तो करंजा आणि ट्रॉम्बेच्या आर्मामेंट डेपोत, त्याचं खातंच वेगळं. १९९९ ला आमची पंचाईत ही होती की आमच्या जहाजाचा साठा विशाखापट्टणमच्या डेपोत आणि आम्ही अरबी समुद्रात. ताफा एका सिग्नलने हलतो, गोडाऊन हलत नाही. मग विमानाने, रेल्वेने, एकदा तर सुट्टीवरून परत येणाऱ्या नौसैनिकाच्या बॅगेतून पार्ट आलाय. नियमात बसत नव्हतं, पंप मात्र चालला.

प्रत्यक्ष अ‍ॅक्शन स्टेशन लागलं, म्हणजे लढाईसाठी सगळे आपापल्या जागी गेले, की लॉगोकडे काय, हे तू विचारलंयस. माणसं जागा सोडत नाहीत, जेवण जागेवर न्यायचं. समुद्र खवळला की तळण बंद, उकळतं तेल सांडलं तर लढाई गॅलीतच, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरातच होईल, म्हणजे पुरी गेली, मग पराठ्याचा रोल, खिचडी, किटलीतून चहा. एका हाताने खाता आलं पाहिजे आणि अंधारात सांडता कामा नये, हा मेन्यूचा नियम. कुक आणि स्टुअर्ड त्या वेळी स्वयंपाकीच राहत नाहीत, जखमी उचलायला, आग विझवायला, पाणी रोखायला तेच असतात. माझ्या एका कुकचे पराठे चामड्यासारखे व्हायचे, पण धुरात मास्क लावून होज ओढण्यात त्याच्यासारखा कोणी नव्हता, त्याच्या पराठ्यांबद्दल मी कोणालाच बोलू दिलं नाही.

लढाई नसताना पण असले प्रसंग येतात. २०१५ ला येमेनमधून आपली माणसं काढली तेव्हा आयएनएस सुमित्राने एडनहून ३४९ जण एका खेपेत आणले, जहाजावरचे स्वतःचे लोक जेमतेम शंभर-सव्वाशे. त्यात बायका, लहान मुलं, दुधाच्या बाटल्या, गॅली तेवढीच. २०२४ च्या मार्चमध्ये आयएनएस कोलकाताने सोमालियाच्या बाजूला चाच्यांनी पळवलेलं रुएन जहाज सोडवलं, ३५ चाचे पकडले आणि आठवड्याने मुंबईत पोलिसांच्या ताब्यात दिले. बातमीत कमांडो दिसले. माझ्या डोक्यात पहिला विचार आला की आठवडाभर रोज ३५ ताटं जास्त, त्यांना ठेवलं कुठे, कांबळी कोणाची दिली आणि ती खर्ची कशी टाकली. सवय जात नाही!

आता करिअर. बी.टेक. फर्स्ट क्लास चालतं, एमबीए पण चालतं, ठराविक डिप्लोमा असलेले बी.कॉम., बी.एस्सी. पण, नीट जाहिरात बघ कारण अटी बदलत असतात. एसएसबी म्हणजे निवडीच्या मुलाखती, मेडिकल, मग केरळात एळिमलाच्या नेव्हल अकॅडमीत २२ आठवडे, मग आपल्या मालाडच्या मार्वेला आयएनएस हमला. तिथे हिशोब, खरेदी, साठा, पगार, कायदा सगळं शिकवतात, कुक पण तिथेच तयार होतात. सब लेफ्टनंटचा बेसिक ५६,१०० पासून, भत्ते वेगळे. शॉर्ट सर्व्हिस १० वर्षं, वाढवून १४. ठराविक वर्षांनी कमांडरपर्यंत पोचतात, कॅप्टनपासून पुढे सिलेक्शन आणि तिथे गाळणी बारीक आहे. काही वर्षं जहाज, काही डेपो, डॉकयार्ड, दिल्लीत मुख्यालय, मधे तामिळनाडूतल्या वेलिंग्टनचे नाहीतर सिकंदराबादचे कोर्स.

एक कडू गोष्ट आधीच सांगतो. या केडरमध्ये लढाऊ जहाजाची कमान मिळत नाही. हमलासारख्या किनाऱ्यावरच्या ठाण्याची मिळते, अ‍ॅडमिरलही होतात, पण ब्रिजवरची ती खुर्ची आपली नाही. मला ते चाळिशीपर्यंत टोचत होतं. तुला ब्रिजच हवा असेल तर दुसरी एन्ट्री बघ, इथे येऊन कुढत बसू नकोस. बायकांना नेव्हीने १९९२ ला घेतलं तेव्हा ज्या थोड्या शाखा उघडल्या त्यात लॉजिस्टिक्स होती, म्हणजे तुझ्यासाठी वाट मळलेली आहे. २०२० च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टाने पर्मनंट कमिशनचं, म्हणजे निवृत्तीपर्यंतच्या नोकरीचं पण मोकळं केलं. जहाजावर पहिले सहा महिने लोक बघतील की हिला जमतं का. लोडिंगच्या दिवशी जेट्टीवर उन्हात शेवटचं पोतं चढेपर्यंत उभी राहिलीस की बघणं बंद होतं, पुरुषांचंही तसंच असतं.

आणि ऑडिट. लढाई संपली की ऑडिटवाले येतात. वादळात डेकवरून वाहून गेलेल्या अकरा पोती कांद्याचं प्रमाणपत्र माझ्याकडे चार वर्षांनी मागितलं होतं, तारीख-वेळ, वाऱ्याचा वेग, साक्षीदारांच्या सह्या. तेव्हा चिडलो होतो, पण पुढे मी स्वतः डेपोत बसलो तेव्हा मी पण तेच मागायला लागलो, कारण एका बहाद्दराने वादळात फ्रिज वाहून गेल्याचं लिहिलं होतं. लोअर डेकवरचा फ्रिज, म्हणजे जहाजाच्या पोटातला.

राहिला बोट लागण्याचा प्रश्न. लागते. मला लागायची, दर वेळी पहिले दोन दिवस, शेवटच्या वर्षापर्यंत. रिकाम्या पोटी राहायचं नाही, कोरडी खारी किंवा टोस्ट चघळत राहायचं, आल्याचा तुकडा खिशात, गोड चहा टाळायचा, आणि जमेल तेव्हा जहाजाच्या मध्यभागी खालच्या बाजूला जाऊन बसायचं, तिथे झोके सगळ्यात कमी. आमचं ड्राय स्टोअर बरोबर तिथेच होतं. फक्त शेजारी कांद्याची पोती असायची, त्या वासाचं काय करायचं ते तुझं तू बघ.